आधी टोन बघ

‘नेट गेलं’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुणाचं गेलं, सगळ्यांचं की एकट्याचं, सकाळपासून गेलं की आत्ता? तरी घरोघरी हाक तीच, आणि हाक ऐकून माणूस पहिली गोष्ट करतो ती राउटरचा प्लग उपटण्याची. कधी चालूनही जातं. पण बिघडलं काय होतं ते त्यात झाकलं जातं आणि आठवड्याने पुन्हा तेच रडगाणं. पोरी, तुझं सगळं काम त्या लॅपटॉपवर. पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये असतेस तेव्हा काका शेजारी नसतो, आणि गणपतीला गावी येतेस तेव्हा काकाला मखरातून डोकं वर काढायला फुरसत नसते. म्हणून नोकरीत जे हाताला लागलं आणि पुढे या वायफायलाही लागू पडलं, ते एकदा सलग सांगून टाकतो.

मी टेलिफोनच्या कामात वाढलो. १९८ वर तक्रार यायची ती दोन शब्दांची, फोन डेड. नवीन लागलेला पोरगा थेट घरात शिरायचा, फोन खोलायचा, स्क्रू सतरंजीवर सांडायचा, चहा व्हायचा, आणि बिघाड बाहेर खांबावर असायचा. आमचे जुने लाइनमन तसं करू द्यायचे नाहीत. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची मोठी चौकट असते, गावभरच्या तारांच्या जोड्या तिथे येऊन लागतात. तिथून टोन बाहेर पडतोय का ते आधी बघायचं. मग खांबावरचा डीपी उघडायचा आणि चाचणीचा हँडसेट त्या जोडीला लावायचा. डीपीला टोन आहे आणि घरात नाही, तर दोष खांबापासून पुढच्या वायरीत, रोझेटमध्ये किंवा फोनमध्ये. डीपीलाच टोन नाही, तर घराची पायरी चढायचं कारण नाही. ‘आधी टोन बघ’ एवढंच ते म्हणायचे, आणि बाकीचं शिक्षण त्या तीन शब्दांतून व्हायचं.

तुझ्या लॅपटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंतही टप्पे मोजकेच आहेत. लॅपटॉप, मधली हवा, राउटर, तिथून बाहेर जाणारी फायबर, पलीकडे केबलवाल्याची यंत्रं, आणि साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारा डीएनएस. दोष बहुतेक वेळा यांतल्या एकाच ठिकाणी असतो. तेव्हा मधोमध, म्हणजे राउटरपाशी उभं राहायचं आणि ठरवायचं की बिघाड घराच्या बाजूला आहे की रस्त्याच्या.

ते ठरवायचं साधन तुझ्या हातात असतं. मोबाइल त्याच वायफायला जोड आणि मोबाइल डेटा बंद कर. डेटा बंद करणं विसरू नको. वायफायवर नेट नाही असं दिसलं की आजचे फोन गुपचूप सिमच्या डेटावर सरकतात, व्हॉट्सॲप वाजत राहतं, आणि ‘माझ्या फोनवर तर येतंय’ असं घरातली माणसं शपथेवर सांगतात. डेटा बंद करून कधी न उघडलेलं पान उघड, कारण नेहमीचं पान फोनने आधीच साठवून ठेवलेलं असू शकतं. फोनवर आलं आणि लॅपटॉपवर नाही, तर राउटर आणि त्याच्या पलीकडचं सगळं बरं आहे, लॅपटॉपकडे वळ. दोन्हींवर नाही, तर लॅपटॉप मिटून बाजूला ठेव. त्याच्या सेटिंग्जला बोट लावायचं नाही. माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त नासाडी इथे होते. फायबर तुटलेली असते रस्त्यावर, आणि माणूस घरात बसून लॅपटॉपची सेटिंग्ज उलटीपालटी करत असतो. संध्याकाळी लाइन येते, घरातले सगळे फोन चालतात, फक्त तो लॅपटॉप तेवढा चालत नाही.

आधी दोन्हींवर नाही असं धरू. राउटरपाशी जा आणि दिवे वाच. फायबरच्या डब्यावर पॉवर, पॉन, एलओएस, लॅन, वायफाय अशी बारीक अक्षरं असतात. पॉनचा दिवा स्थिर असेल तर फायबरमधून प्रकाश येतोय आणि पलीकडच्या यंत्राने तुझा डबा ओळखलाय. लुकलुकत असेल तर ओळख अजून पटायची आहे. एलओएस लाल असेल तर प्रकाशच पोचत नाही. फायबर तुटलीय, कुठेतरी दाबली गेलीय किंवा कनेक्टर निसटलाय. लाल एलओएसवर राउटर कितीही वेळा बंद-चालू केलास तरी दिवा लालच राहणार. आमच्या बाजूला याची कारणं ठरलेली: माडाची झावळ पडली, खारीने कुरतडली, रस्त्याकडेला चर खणताना जेसीबीच्या दातात आली. शहरातल्या घरात आधी टीव्हीमागे बघ. झाडलोट करताना कपाट सरकवतात आणि ती बारीक दोरी भिंत आणि कपाट यांच्यामध्ये चेंगरते. तांब्याची वायर दुमडली तरी बोलायची. फायबरच्या आत काच असते, ती आवळून वाकवली की प्रकाश त्या वळणावर बाहेर गळतो. मोठ्या वळणाने मोकळी सोड, कधीकधी तेवढ्यावर लाल दिवा विझतो. सुटलेल्या टोकात डोकावून मात्र बघायचं नाही. त्यातला लेझरचा प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला अपाय करू शकतो.

पॉन स्थिर, एलओएस विझलेला, लॅपटॉपवर वायफायच्या काड्या पूर्ण, तरी नेट नाही. मग प्लॅन संपलाय का ते बघ. हसू नको, हे फार वेळा निघतं. वायफायच्या त्या काड्या फक्त लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेबद्दल बोलतात. राउटरच्या पुढे रस्ता आहे की दरी, हे त्यांना माहीतच नसतं. ‘काड्या फुल आहेत, मग नेट का नाही’ हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याने निम्मी विद्या मिळवली म्हणायची.

लाइट गेली असेल तर आणखी एक गंमत होते. तुझा राउटर इन्व्हर्टरवर चालू असतो, पण इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर केबलवाल्याचा जो स्विच असतो त्याला बॅकअप नसतो. जिथे थेट फायबर घरात येते तिथे हा त्रास कमी. जिथे जिन्यातून लॅन केबल येते तिथे जास्त. घर घेताना, भाड्याने का होईना, हे विचारून घे.

आणि अडॅप्टर. राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा, आणि वर्षानुवर्षं गरम होऊन तो हळूहळू मरतो, एकदम नाही. दिवे लागतात, पण वायफायवर चार माणसं एकदम आली की राउटर स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लोक राउटर बदलतात. आधी अडॅप्टर बदलून बघ, तेवढेच व्होल्ट आणि निदान तेवढेच अँपियर असलेला. डब्याच्या बुडाला आकडा छापलेला असतो. पिन बसतेय म्हणून कुठलाही खुपसायचा नाही.

राउटर बंद-चालू करायचाच असेल तर नीट कर. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही बंद कर, अर्धा-एक मिनिट जाऊ दे, आधी फायबरचा डबा लाव, पॉन स्थिर होईपर्यंत थांब, मग राउटर. घाईने दोन्ही एकदम लावले तर राउटर दार ठोठावतो तेव्हा डबा अजून जागा झालेला नसतो. मागे टाचणी घालून दाबायचं एक बारीक भोक असतं, त्याच्या वाटेला जाऊ नको. ते रिसेट. बऱ्याच केबलवाल्यांच्या जोडणीत राउटरमध्ये पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो. टाचणी दाबून धरलीस की तो पुसला जातो, तुझ्या वायफायचं नाव आणि पासवर्डही जातो, आणि मग केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत घरात सुतक. आजच त्याच्याकडून ते युजरनेम-पासवर्ड मागून घे आणि कागदावर लिहून राउटरच्या खाली चिकटव. फोनमध्ये नको. फोन नेमका तेव्हा दुसऱ्याच्या हातात असतो.

आता लॅपटॉप. फोनवर येतंय, लॅपटॉपवर नाही. इथेही एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की तपासायची. पाच गोष्टी एकदम केल्यास आणि सुरू झालं, तर कशाने झालं ते कळत नाही. न झालं तर नवीन काय बिघडवलंस तेही कळत नाही.

सुरुवात रीस्टार्टने. शट डाउन करून पुन्हा सुरू केलंस तर ते धरायचं नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. ती चालू असली की शट डाउन करतानाही विंडोज स्वतःचा काही भाग डिस्कवर जसाच्या तसा साठवतं आणि सकाळी तोच उचलतं, बिघाडासकट. रीस्टार्ट मात्र खरोखर कोऱ्या पाटीवर सुरू होतं. ‘मी रोज बंद करते’ असं सांगणाऱ्यांचा लॅपटॉप कित्येक दिवस पूर्ण बंद झालेलाच नसतो.

मग बघ, यादीत तुझ्या वायफायचं नाव दिसतंय का. एकही नाव दिसत नसेल, शेजाऱ्यांचंसुद्धा नाही, तर लॅपटॉपचा रेडिओच बंद आहे. एअरप्लेन मोड बघ. वरच्या रांगेतल्या एखाद्या एफ कीवर विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असतं, कीबोर्ड पुसताना ती दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला सरकवायचं बटणही असतं. त्यातलं काही नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये वायफायचं कार्ड आहे का ते बघ. तिथे पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरचा घोटाळा. त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस कर, ड्रायव्हर डिलीट करायची खूण करू नको, आणि रीस्टार्ट कर. विंडोज तो पुन्हा बसवतं. कार्डच दिसत नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद कर, चार्जर काढ, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धर आणि मग सुरू कर. तरी नाही दिसलं तर कार्ड गेलं असावं. त्यासाठी लगेच नवा लॅपटॉप घ्यायला धावू नको. यूएसबीला लावायचा नखाएवढा वायफाय डोंगल मिळतो, त्यावर काम चालतं.

शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि तुझंच दिसत नाही, असंही होतं. वायफाय दोन मुख्य पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या स्वस्त लॅपटॉपला फक्त २.४ कळतं. राउटरवर कुणी नुसतं ५ चालू ठेवलं असेल तर तो लॅपटॉप आंधळाच. दुसरं कारण आपल्याकडे घरोघरी लागू आहे, कारण घरोघरी कुणीतरी अमेरिकेत आहे. २.४ च्या पट्टीत आपल्याकडे चॅनेल १ ते १३ वापरतात, अमेरिकेत मात्र साधारण ११ पर्यंतच. राउटर आपल्या मनाने १२ किंवा १३ वर जाऊन बसला की तिकडून पाठवलेल्या लॅपटॉपला तो दिसेनासा होऊ शकतो. कालपर्यंत दिसत होता, आज नाही, उद्या पुन्हा दिसेल. लोक लॅपटॉपला नावं ठेवतात. राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पक्कं करून टाक, म्हणजे ही भुताटकी बंद. हीच तीन का, तर २.४ मध्ये शेजारशेजारची चॅनेल एकमेकांवर चढतात आणि या तिघांत तेवढं अंतर असतं.

नाव दिसतं, पण जोडलं जात नाही. पासवर्ड टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं वाच. शून्य आणि ओ, एक आणि एल यांनी भल्याभल्यांना फसवलंय. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच पासवर्ड हट्टाने वापरत असतो, तेव्हा त्या नेटवर्कवर फरगेट कर आणि नव्याने जोड. नवा राउटर आणि जुना लॅपटॉप अशी जोडी असेल तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का बघ. डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं, त्याआधीच्या पुष्कळ लॅपटॉपना ते कळत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालतील असा पर्याय राउटरमध्ये बहुधा असतो, तो निवड. चिडून सुरक्षाच काढून टाकू नको. उघडं वायफाय म्हणजे तुझ्या नावाने कुणी काय करेल याचा नेम नाही, आणि पोलीस आधी तुझ्या दारात येणार.

खरी मजा पुढे आहे. जोडलं गेलंय, काड्या आहेत, फोनवर चालतंय, आणि लॅपटॉप म्हणतो नो इंटरनेट. इथे तुला टोन तपासायचा हँडसेट लागेल, आणि तो प्रत्येक विंडोजमध्ये आहे. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप कर, काळी खिडकी उघडेल. त्या काळ्या खिडकीला लोक उगाच घाबरतात, इथे आपण फक्त वाचणार आहोत. त्यात आयपीकॉन्फिग लिही, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, आणि एंटर. वायफायच्या खाली आयपीव्ही४ ॲड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे असे दोन आकडे दिसतील, ते कागदावर उतरव.

आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट स्पष्ट आहे. राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून लॅपटॉपने स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकलाय, आणि त्या पत्त्यावर बाहेरचं काही येणार नाही. फरगेट करून पुन्हा जोड, नाही जमलं तर राउटर रीस्टार्ट कर. आकडा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर चांगलं, पण फोनच्या वायफायच्या माहितीत जो आकडा दिसतो त्याच्याशी ताडून बघ. पहिले तीन भाग जुळायला हवेत. फोन १९२.१६८.१ वर आणि लॅपटॉप १९२.१६८.० वर असेल तर दोघं एका घरात नाहीत. कधीतरी कुणीतरी, बहुधा ऑफिसातल्या किंवा दुकानातल्या हुशार मुलाने, लॅपटॉपला हाताने पक्का पत्ता भरून ठेवलेला असतो. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी असाइनमेंट ऑटोमॅटिक कर.

आता टप्प्याटप्प्याने हाक मारायची. पिंग लिही, एक जागा सोड, आणि गेटवेचा आकडा लिही. उत्तरं आली तर लॅपटॉप ते राउटर हा टप्पा पक्का. रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर मधल्या हवेत किंवा लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये खोट. मग पिंग ८.८.८.८, हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस. तिथून उत्तर आलं म्हणजे तू घराबाहेर पोचलीस, लाइन जिवंत आहे. मग एखाद्या साइटचं नाव लिहून पिंग कर. आकड्याला उत्तर येतं आणि नाव सापडतच नाही म्हणतो, तर गुन्हेगार डीएनएस. आमच्या वेळी १९७ असायचं, नाव सांगा आणि नंबर घ्या. १९७ उचलत नसलं तरी नंबर पाठ असेल तर फोन लागायचाच, तसंच हे. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भर आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघड. हा आमचा डीपी, हा आमचा एमडीएफ. तीन पिंगमध्ये दोष कुठल्या टप्प्यात आहे ते कळतं आणि उरलेल्या टप्प्यांना हात लावायची गरज राहत नाही.

तिन्ही पिंग नीट जातात आणि ब्राउझर तरी रडतो, तर तीन ठिकाणी बघ. एक, तारीख. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ जुनं साल दाखवत असेल तर सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात आणि तो पान उघडायला नकार देतो. जुन्या लॅपटॉपच्या आत घड्याळापुरता एक बटणसेल असतो, बऱ्याचदा सीआर २०३२, तो संपला की असं होतं. दुसरं, प्रॉक्सी आणि व्हीपीएन. ऑफिसचं व्हीपीएन अर्धवट तुटलं की घरचं नेटही अडवून धरतं. ते नीट डिस्कनेक्ट कर. तिसरं, मुदत संपलेलं अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस मेल्यावरही वाटेतून हटत नाहीत. काढून टाक, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आहेच. नेटवर्क रिसेट हा सगळ्यात शेवटचा उपाय. तो सगळे साठवलेले पासवर्ड आणि व्हीपीएन पुसतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो तुझ्या आयटीवाल्याला विचारल्याशिवाय करायचा नाही.

घरात दोन वायरी असू देत. एक लॅन केबल, पाच मीटरची. राउटरला आणि लॅपटॉपला थेट लावलीस आणि नेट आलं, तर वाद मिटला, दोष हवेतल्या टप्प्यात. पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, त्यासाठी यूएसबीचा जोड मिळतो, तो घेऊन ठेव. दुसरी, फोन चार्ज करायची वायर. फोन लॅपटॉपला लावून यूएसबी टेदरिंग चालू केलंस की फोनचं नेट वायरीतून लॅपटॉपला मिळतं, वायफाय कार्ड मेलेलं असलं तरी. ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर, या पेचातून तीच वायर सोडवते. मीटिंगला पाच मिनिटं राहिली असताना दुरुस्ती करत बसायचं नसतं. टेदरिंग लाव, मीटिंग उरक, दुरुस्ती नंतर.

नेट येतं-जातं, ओटीवर येतं आणि माजघरात नाही, हा बिघाड धरायचा नाही, ती जागेची चूक. आपलं घर चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असलं तरी अशा भिंतीपुढे लवकर हात टेकतं. २.४ संथ, पण जास्त लांब जातं. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर हवा. लोक तो दिसायला बरा नाही म्हणून लोखंडी कपाटावर ढकलतात, आरशामागे लपवतात किंवा माळ्यावर पाण्याच्या टाकीशेजारी ठेवतात. लोखंड आणि पाणी हे वायफायचे सगळ्यात मोठे शत्रू. मायक्रोवेव्ह २.४ च्याच पट्टीत चालतो, तेव्हा कुणी दूध तापवलं की तुझा आवाज तुटू शकतो. अशा वेळी ५ वर जा. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपला लावलीस की तिची वायर आणि जोड २.४ च्या पट्टीत गोंगाट करतात. डिस्क लावली की वायफाय ढेपाळतं असं दिसलं तर डिस्क लांब ठेव किंवा ५ वापर. आणि मोठ्या घरात पुढे सिग्नल फेकणारे स्वस्त डबे घेण्यापेक्षा लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावलेला कधीही बरा.

वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की राउटरचा अडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढ, आणि लॅपटॉप चार्जरवरून उतरव. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण लाइटच्या तारेतून आणि तांब्याच्या लॅनमधून येते. गडगडाट जवळ आल्यावर उठायचं नाही, आभाळ भरलं की आधीच काढायचं.

केबलवाल्याला फोन करशील तेव्हा ‘नेट नाही’ म्हणू नको. एलओएस लाल आहे, किंवा पॉन स्थिर आहे पण ८.८.८.८ ला पिंग जात नाही, असं सांग. पलीकडचा माणूस सरळ बसून बोलतो आणि ‘राउटर बंद-चालू करा मॅडम’ हा पाठ म्हणत नाही. तक्रारीचा नंबर लिहून घे. आणि त्याचा फोन नंबर बिलावरूनच घे, नेटवर शोधून कधीच नाही. शोधल्यावर वर येणाऱ्या कस्टमर केअरच्या नंबरांत ठग बसलेले असतात. ते गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर उतरवायला सांगतात, मग दहा रुपये भरायला, मग ओटीपी. वायफाय दुरुस्त करायला कुणालाही तुझा ओटीपी लागत नाही. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नको, त्याच क्षणी १९३० ला फोन लाव. तो देशभर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे, आणि पैसे अडवायचे तर पहिले काही तासच हाताशी असतात.